गाडीत डॅशकॅम लावणे कायदेशीर आहे का?

घाटवाट (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात गाडीला डॅशकॅम (समोरच्या काचेवर लावायचा, रस्ता टिपत राहणारा कॅमेरा) बसवून घेतला. परवा एका नाक्यावर हवालदारसाहेबांनी बाजूला घेतलं आणि काचेकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लावायला आरटीओची परवानगी लागते, 500 ची पावती होईल." मी कुठलं कलम ते विचारलं. "कलमं सांगत बसू का आता इथं?" असं उत्तर मिळालं. मागून एक ट्रॅव्हल्सवाला आला, साहेबांचं लक्ष तिकडे वळलं आणि मी सुटलो.

घरी येऊन शोधाशोध केली तर डोक्याचा भुगा झाला. सोसायटीच्या ग्रुपवर एक काका म्हणतात भारतात बंदी आहे, दुसरे म्हणतात पुढच्या वर्षापासून सक्तीचा होणार. दोघांनीही पुढे ढकललेले मेसेजच चिकटवलेत. तर जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. खाजगी गाडीत कॅमेरा चालतो की नाही? पोलीस तो काढून घेऊ शकतात का? आणि उद्या खरंच काही झालं तर कोर्ट ते रेकॉर्डिंग धरतं का? मुख्य चिंता तिसऱ्या प्रश्नाची. कोर्टात चालणार नसेल तर एवढे पैसे घालून बघायचं काय, आपलीच ड्रायव्हिंग?

खारेदाणे
जागा पकडून ठेवतो. वकील मंडळी येतीलच.

सदाशिवपेठी_चष्मा
आधी कॅमेरा बसवायचा आणि मग तो कायदेशीर आहे का हे विचारायला धागा काढायचा. असो. जुने धागे शोधले असते तर बरं झालं असतं, पण शोध ही सुविधा आपल्याकडे शोभेपुरतीच असते.

अॅड_रेवा
घाटवाट, तुमच्या हवालदारांनी कलम सांगितलं नाही कारण तसं कलम नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 मध्ये किंवा 1989 च्या केंद्रीय नियमांत खाजगी गाडीत डॅशकॅम लावायला बंदी नाही, आरटीओच्या परवानगीची अटही नाही. आणि खाजगी गाडीवाल्यांना सक्तीही नाही, म्हणजे तुमचे दोन्ही काका बाद.

लोक तीन ठिकाणी गल्लत करतात. पहिलं म्हणजे नियम 100. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं तो सांगतो. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्म उतरवायला लावल्या त्या याच नियमावर. त्याचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. दुसरं कलम 52, गाडीच्या रचनेत फेरफार. आरशामागे टेपने चिकटवलेली डबी म्हणजे रचनेत फेरफार नव्हे. तिसरं कलम 125, आणि हे मात्र खरंच लक्षात ठेवा. चालकाच्या गाडीवरच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने गाडीत काहीही ठेवायचं नाही, असं ते आहे. डॅशबोर्डच्या मधोमध स्टँडवर मोठा स्क्रीन उभा केलात आणि समोरचं झाकलं गेलं तर पोलिसांना बोलायला जागा मिळते. मधल्या आरशाच्या मागे, तुमच्या नजरेच्या रेषेबाहेर लावा, विषय संपला.

पुराव्याचं उत्तर मोठं आहे. संध्याकाळी लिहिते, आत्ता कोर्टात बोर्डावर नंबर आहे.

निरागस_नाग
मधल्या आरशाच्या मागे म्हणजे नक्की कुठे? तिथे आमच्याकडे लिंबू-मिरची, गणपती, मुलाचा बूट आणि फास्टॅग आहे.

सदाशिवपेठी_चष्मा
@निरागस_नाग, मग तुम्हाला कलम 125 कॅमेरा न लावताच लागू आहे.

रंकाळ्याचा_वारा
आमचा अनुभव सांगतो भावांनो. सिग्नल सुटल्यावर मी डावीकडं वळत हुतो. एक स्कूटरवाला उलट्या बाजूनं आला, बंपरला घासला आणि पडला. लागलं फारसं नव्हतं, ढोपर खरचटलं हुतं. पण मिनिटभरात पंधरा-वीस माणसं गोळा. एकानंही काय झालं ते बघितलेलं नव्हतं, आणि सगळ्यांचा निकाल एकच, गाडीवाल्याची चूक. एक जण तर लगेच रकमेवर आला.

मी म्हटलं कॅमेरा आहे, बघूया. आता तो कॅमेऱ्याचा वायफाय मोबाइलला जोडायचा, अ‍ॅप उघडायचं, त्यात चाक गोल गोल फिरतंय, आणि भोवती सगळे टक लावून. घाम फुटला. शेवटी व्हिडिओ चालला. त्यात पठ्ठ्या उलट्या बाजूनं, मान वाकडी करून खांद्यात मोबाइल दाबून, हँडलला कोथिंबिरीची पिशवी. बघितल्यावर जो रकमेवर आला हुता तोच म्हणाला, "जाऊ द्या दादा, मिटवून टाका, कशाला पोरगं अडकवताय." म्हणजे पाच मिनिटांपूर्वी मी अडकणार हुतो तेव्हा कुणाला मिटवायचं नव्हतं. कोर्ट लांब राहू द्या, आपल्याकडं पहिला निकाल रस्त्यावरच लागतो आणि तिथं हे यंत्र पैसे वसूल करतं.

मधुरा_क
@रंकाळ्याचा_वारा, तुमचं निभावलं हे चांगलं, पण गर्दीला व्हिडिओ दाखवणं मला धोक्याचं वाटतं. गर्दीतल्या कुणी तो फोन किंवा कॅमेराच ओढून फोडला तर? माझ्या भावाने पुरावा आहे म्हटल्यावर एकाने सरळ दारातून आत हात घातला होता. "माझ्याकडे आहे" हे फक्त पोलिसांना सांगावं असं माझं मत.

अॅड_रेवा
मधुराताईंशी सहमत. शिवाय व्हिडिओ कितीही तुमच्या बाजूचा असो, कलम 134 सुटत नाही. जखमी माणसाला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, उशिरात उशिरा 24 तासांत. चूक त्याचीच होती म्हणून मी निघून आलो, हा बचाव होत नाही. उलट तुमच्याच कॅमेऱ्यात तुम्ही निघून जाताना दिसता.

टेम्पोवाला_नाना
आमच्या मालवाहू गाड्या आहेत. समोरचा एक आणि केबिनमधला एक असे कॅमेरे लावले. समोरच्याने दोन वेळा विम्याचा दावा वाचवला, मागून ठोकून पळालेल्याचा नंबर मिळाला. केबिनमधल्याचं काय सांगू. नाशिक ते धुळे अख्ख्या प्रवासात फक्त लाल-पांढरा गमछा दिसतो. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणतो, "शेठ, ऊन येत होतं."

तिरपागडा
ड्रायव्हरचं बरोबर आहे. तुमच्या केबिनमध्ये, म्हणजे कॅश काउंटरवर बसता तिथे, दिवसभर कॅमेरा लावून तो ड्रायव्हरला बघायला दिला तर चालेल का? सगळे कॅमेऱ्याचे गोडवे गाताहेत म्हणून मुद्दाम विरोधी सूर लावतो. 2017 साली पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही न विचारता टिपताय, साठवताय, आणि वाटलं तर नेटवर टाकताय. सोसायटीत कॅमेरा, दारात कॅमेरा, लिफ्टमध्ये कॅमेरा, आता गाडीतही. माणूस माणसावर विश्वास ठेवायचाच सोडून देणार का?

रंकाळ्याचा_वारा
इश्वास ठेवला असता तर त्या दिवशी खिसा रिकामा झाला असता भावा.

टेम्पोवाला_नाना
तिरपागडासाहेब, रात्री दोनला ड्रायव्हरला डुलकी लागली तर जीव त्याचाही जातो. झोप आली की वाजणारं यंत्र आहे ते, टेहळणी नाही. पण तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही म्हणा. आवाजाचं रेकॉर्डिंग मी बंद करून टाकलं. घरी बायकोशी बोलतात बिचारे.

अॅड_रेवा
इथे कायदाही थोडा तुमच्या दोघांच्या मध्ये उभा आहे. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण अधिनियम, 2023 हा एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागू नाही. म्हणजे घाटवाट यांची गाडी त्यातून बाहेर. नानांचा धंदा आहे, त्यांना ती सूट नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत दिली आहे. नाना, चालकांना लेखी कळवून ठेवा की कॅमेरा कशासाठी आहे आणि चित्रण किती दिवस ठेवता. ओला-उबरच्या धर्तीवर प्रवासी नेणाऱ्यांनी तर आत ठळक पाटी लावावीच.

सार्वजनिक रस्त्यावरचं दृश्य टिपणं हा गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ई कलम किंवा भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या कायद्याचं) 77 हे शरीराच्या खाजगी भागांचं किंवा खाजगी कृतीचं चित्रण यासाठी आहे, समोरून जाणाऱ्या रिक्षेसाठी नाही.

निरागस_नाग
आवाज बंद ठेवायचा मुद्दा नानांनी फार मोलाचा सांगितला. आमच्या गाडीत एक प्रसंग पुराव्यासाठी ऐकायची वेळ आली. धडक बसण्याआधीची तीन मिनिटं मी सासूबाईंच्या पुरणपोळीवर बोलत होतो. दावा सोडून दिला.

खारेदाणे
:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

र्‍हाईनकाठ
जर्मनीतून लिहितोय. इकडे तिरपागडा यांच्या विचारांचे लोक बरेच आहेत. सतत, विनाकारण रेकॉर्डिंग करत राहणं इथे विदा संरक्षणाच्या विरोधात धरतात. 15 मे 2018 ला इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने माग्डेबुर्गच्या एका अपघाताच्या खटल्यात गंमतशीर निकाल दिला. रेकॉर्डिंग नियमाबाहेरचं होतं असं म्हटलं, पण तरीही नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून बघता येईल असंही म्हटलं. म्हणून इकडचे कॅमेरे सहसा छोट्या छोट्या तुकड्यांत टिपून स्वतःच पुसत राहतात, धक्का बसला तरच तुकडा राखतात. शेजारच्या ऑस्ट्रियात गाडी घेऊन जाताना मात्र मी कॅमेरा काढून डिकीत ठेवतो. तिकडे दंड होऊ शकतो.

वाळवंटी_आंबा
आखातात असाल तर आणखी सांभाळून. यूएईत 2021 च्या सायबर कायद्यात अपघातातल्या जखमींचे किंवा मृतांचे फोटो संमतीशिवाय काढणं, पसरवणं हा गुन्हा आहे, तुरुंगवास आणि लाखांत दिरहम दंड. व्हिडिओ पोलिसांना द्यायचा, ग्रुपवर नाही. आपल्याकडून नवीन आलेल्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं, कारण अपघात दिसला की हात आपोआप मोबाइलकडे जातो.

सदाशिवपेठी_चष्मा
जर्मनी, ऑस्ट्रिया, दुबई झालं. आता कॅलिफोर्नियाचे कोणी आले की धागा संपला.

सॅनहोजेकर
हाक मारलीत? आलो. कॅलिफोर्नियात काचेवर कुठे लावायचा त्याची मापं दिली आहेत. प्रवाशाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात 7 इंची चौकोन, चालकाच्या बाजूला 5 इंची, किंवा वर मधोमध 5 इंची. आणि आवाज टिपत असाल तर गाडीतल्यांना सांगणं बंधनकारक. नाग यांच्या सासूबाईंना गाडीत बसवलं तर त्यांनाही.

अॅड_रेवा
आले परत. आता घाटवाट यांचा तिसरा प्रश्न.

1 जुलै 2024 पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू झाला. जुन्या 65ब च्या जागी आता कलम 63 आहे. डॅशकॅमचं चित्रण म्हणजे इलेक्ट्रॉनिक अभिलेख, तो कोर्टात चालतो, पण प्रत सादर करताना सोबत प्रमाणपत्र लागतं. नव्या कायद्यात त्याचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे. भाग अ ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी तो आकडा बदलतो, म्हणून.

प्रमाणपत्र किती गंभीरपणे घेतात ते आपल्या जालन्याच्याच खटल्यात दिसलं. 2014 च्या विधानसभेला अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी 3 नंतर दिला असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागवलं. चित्रण मिळालं, पण अधिकाऱ्यांनी 65ब चं प्रमाणपत्र काही दिलं नाही, वारंवार मागूनही. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै 2020 मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की प्रतीसाठी प्रमाणपत्र हवंच. मात्र समोरचा देत नसेल तर कोर्टाकडून मागवता येतं, आणि मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही.

हे शेवटचं वाक्य डॅशकॅमवाल्यांसाठी सोन्यासारखं आहे. कार्यालयाचा सर्व्हर कोर्टात उचलून आणता येत नाही. तुमचा कॅमेरा खिशात मावतो. तेव्हा मूळ कार्ड जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत म्हणजे दाबून लहान केलेली वेगळीच फाइल, तिच्यावर विसंबू नका.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तर फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागतही नाही, कोणाची बाजू अधिक संभाव्य वाटते तेवढं पाहतात. तिथे चांगलं चित्रण प्रकरण लवकर तडजोडीला आणतं, हे मी पाहिलंय.

घाटवाट
रेवाताई, मनापासून धन्यवाद. वाचनखूण साठवली. पण एक उपप्रश्न. चूक माझीच असेल तर? कॅमेऱ्यावर वेगही छापला जातो. समृद्धीवर 120 ची मर्यादा आहे आणि पट्टीवर 131 दिसत असेल तर मी स्वतःविरुद्धच पुरावा घेऊन फिरतोय.

तिरपागडा
हाच तो क्षण. आता कळलं का मी काय म्हणत होतो?

सदाशिवपेठी_चष्मा
उपाय सोपा आहे. 120 नेच चालवा.

निरागस_नाग
किंवा वेगाची पट्टी सेटिंगमधून बंद करा. (वरील उपाय अधिक पुणेरी आहे हे मान्य.)

अॅड_रेवा
पट्टी बंद ठेवणं बेकायदा नाही. पण अपघात झाल्यावर, पोलीस मागतील या भीतीने कार्ड पुसणं हे वेगळं. पुरावा म्हणून सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणं न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

दुसऱ्या बाजूने, संविधानाच्या 20(3) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, आणि कागद हजर करायचा समन्स आरोपीला काढता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 1964 सालीच म्हटलं आहे. याचा अर्थ पोलिसांचे हात बांधले असा नाही. गुन्ह्याशी संबंधित वाटणारी वस्तू जप्त करायचा अधिकार त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 106 ने आहे. अपघात झाला तर कॅमेरा जप्त होऊ शकतो, पंचनाम्यात नोंद होऊन. त्यावर कार्डाचा उल्लेख आहे ना ते वाचूनच सही करा. मात्र नाक्यावर सहज अडवून, काही गुन्हा नसताना "कॅमेरा काढून द्या" म्हणणं त्यात बसत नाही.

मधुरा_क
आणि पोलिसांशी बोलणं रेकॉर्ड झालं तर? माझा कॅमेरा चालूच असतो, काच खाली केली की संवाद आत येतो.

अॅड_रेवा
रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या अंमलदाराचं बोलणं टिपायला मनाई करणारा कायदा नाही. 2022 साली नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याबद्दल शासकीय गुपिते कायद्याखाली नोंदवलेला गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, असं कारण दिलं. पण कॅमेरा आहे म्हणून हुज्जत घालायची गरज नाही हेही आलंच.

बर्डीवाला_बाप्पा
निषिद्ध ठिकाणावरून आठवलं. पुण्याच्या खडकी, देहूरोडकडून जाताना लष्कराच्या भिंतीवर चित्रीकरणास मनाई असे बोर्ड असतात. तिथून जाताना काय करावं माणसानं? कॅमेरा तर चालूच राहते.

अॅड_रेवा
1923 चा तो शासकीय गुपिते कायदा अशाच ठिकाणांसाठी आहे. सार्वजनिक रस्त्यावरून सरळ जाणाऱ्या गाडीला सहसा कोणी हात लावत नाही, पण फाटकातून आत जाताना बंद करा, आणि तिथलं चित्रण कुठेही टाकू नका.

बर्डीवाला_बाप्पा
धन्यवाद ताई. आता माझ्याकडून तांत्रिक भर, कारण कायदा कितीही भक्कम असला तरी कार्डात काहीच नसलं तर काहून भांडता?

नागपूरच्या मे महिन्यात काचेमागची डबी तापून भट्टी होते. आत साधी लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा फुगतो. बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर (उष्णता सोसणारा, वीज साठवणारा भाग) असलेला घ्या. रबरी चकती दुपारी गळून पडते, दुतर्फी टेपनेच चिकटवा. कार्ड हाय एन्ड्युरन्स प्रकारचंच, मोबाइलमधलं जुनं नाही. सतत लिहून लिहून साधं कार्ड गुपचूप मरते आणि कॅमेरा लाल दिवा दाखवत राहते. तारखेचं घड्याळ तपासा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते मूळ तारखेवरच अडकलेलं असते. चित्रणात 2017 चा 1 जानेवारी दिसला तर समोरचा वकील तुम्हाले सोडेल का? वायर काचेशेजारच्या खांबाच्या अस्तरातून नेताना पडदा एअरबॅगच्या (बाजूने पडद्यासारख्या उघडणाऱ्या) पुढून नेऊ नका, मागून न्या. आणि फॅक्टरी वायर कापू देऊ नका. फ्यूजवरून जोड घ्यायची पट्टी मिळते, नाहीतर वॉरंटीवाले बोट दाखवतात.

अन हो, धक्का कळणारा सेन्सर कमीत कमीवर ठेवा. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा त्याले अपघातच वाटते. कुलूप लावलेल्या फायलींनी कार्ड भरून जाते आणि खऱ्या अपघाताले जागा उरत नाही.

रंकाळ्याचा_वारा
बाप्पा, यातलं खड्ड्याचं शंभर टक्के खरं. माझ्या कार्डात आख्खा गगनबावडा कुलूपबंद हाय.

मांडवीतीर
गोव्यातून. 2017 मध्ये आमच्याकडे ट्रॅफिक सेंटिनेल म्हणून योजना आली होती. नियम मोडणाऱ्याचा फोटो किंवा व्हिडिओ पाठवा, गुण मिळवा, गुणांवर बक्षीस. सुरुवातीला बरं वाटलं. मग काही जण तो धंदाच करू लागले. गावात कोण फोटो काढतो ते सगळ्यांना कळायचं, भांडणं झाली, योजना वादात सापडली. आपला बचाव म्हणून कॅमेरा ठेवणं वेगळं आणि दुसऱ्याला पकडायला ठेवणं वेगळं असं माझं मत झालं.

मधुरा_क
@मांडवीतीर, बक्षीस काढून टाकलं की तो प्रश्न बराचसा सुटतो. महाराष्ट्रात महाट्रॅफिक अ‍ॅपवर नागरिकाने नियमभंग कळवायची सोय आहे, पैसे वगैरे नाहीत. उलट दिशेने येणाऱ्या डंपरचा व्हिडिओ मी पाठवलाय आणि अजिबात वाईट वाटलं नाही. शाळेच्या रस्त्यावरचा डंपर होता तो.

गूढकथा
पण खाजगी कॅमेऱ्याच्या चित्रणावर चलान होऊच शकत नाही ना? 2021 च्या नियम 167अ मध्ये डॅशबोर्ड कॅमेऱ्याचा उल्लेख आहे आणि त्याला दरवर्षी मान्यता प्रमाणपत्र लागतं. म्हणजे आपले सगळ्यांचे कॅमेरे विनापरवाना! घाटवाट यांचे हवालदार बरोबर असू शकतात.

अॅड_रेवा
नाही. 167अ हा सरकारी यंत्रणेने नियमभंग पकडण्यासाठी वापरायच्या उपकरणांबद्दल आहे. वेग मोजणारे कॅमेरे, स्पीडगन, अंगावरचे कॅमेरे आणि पोलिसांच्या गाडीतले डॅशबोर्ड कॅमेरे त्या यादीत आहेत, आणि वार्षिक प्रमाणपत्र त्यांना लागतं. तुमच्या गाडीतला कॅमेरा चलान फाडत नाही, म्हणून त्याला ती अट नाही.

तो नियम वाचाच मात्र, कारण तो तुमच्या उपयोगाचा आहे. नियमभंगाची सूचना 15 दिवसांत पाठवायची असते, कॅमेरा असल्याची पाटी रस्त्यावर हवी. चुकीचं चलान आलं की तुमच्या डॅशकॅममध्ये त्या वेळचा हिरवा सिग्नल असेल तर तक्रारीसोबत जोडा. तारीख बरोबर लावलेली असेल तर. बाप्पांचं ऐका.

तिरपागडा
सगळं मान्य. पण नेटवर टाकण्याबद्दल कोणीच नीट बोललं नाही. रोज कोणीतरी नंबरप्लेटसकट, चेहऱ्यासकट व्हिडिओ टाकतं, खाली हजार लोक शिव्या घालतात, आणि कधी कधी अर्धाच व्हिडिओ असतो. आधीच्या दहा सेकंदांत टाकणाऱ्यानेच कट मारलेला असतो, तो भाग कापलेला.

अॅड_रेवा
तिरपागडा, इथे मी तुमच्या पूर्ण बाजूने. वैयक्तिक वापराची सूट जगजाहीर करण्यासाठी नाही. अर्धवट कापून एखाद्याची बदनामी केली तर न्याय संहितेचं कलम 356 आहे. आणि चालवणारा अल्पवयीन निघाला तर बाल न्याय कायद्याचं कलम 74 त्याची ओळख उघड करायला मनाई करतं, मग तो कितीही चुकलेला असो. कल्याणीनगरच्या मे 2024 च्या अपघातानंतर लोक किती भडकले होते ते आठवा. राग समजतो, पण सीसीटीव्हीचं काम तपासात झालं, ग्रुपवर नाही. पोलिसांना मूळ फाइल द्या, पोच घ्या.

रंकाळ्याचा_वारा
आणि पोच म्हणजे सही-शिक्क्याची. "बघतो" ही पोच नव्हं.

गूढकथा
अवांतर: 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली ती जगाने पाहिली ती तिथल्या गाड्यांतल्या कॅमेऱ्यांमुळेच. आपल्याकडे कोणाला काही विलक्षण सापडलंय का? घाटात पांढऱ्या साडीतली वगैरे?

घाटवाट
जुन्नरजवळ रात्री बिबट्या आडवा गेला, तो आहे. पांढरी साडी नाही.

निरागस_नाग
बिबट्याची संमती घेतली होती का? तिरपागडा विचारतील.

तिरपागडा
विचारतोच. त्याने पाटी वाचली का?

टेम्पोवाला_नाना
घाटवाट, मूळ प्रश्नावर एक व्यवहाराची गोष्ट. मी सगळ्या गाड्यांत कॅमेऱ्याच्या पावतीची झेरॉक्स आणि नियम 100 व कलम 125 चा मराठी मजकूर एका पानावर छापून ठेवलाय. नाक्यावर वाद घालत नाही, कागद देतो. बहुतेक साहेब वाचतात आणि जाऊ देतात. एकाने तर झेरॉक्स ठेवून घेतली, म्हणाले आमच्या मुलाच्या गाडीला बसवायचाय.

घाटवाट
नाना, हे करतोच. कॅमेराही आज आरशामागे सरकवला, आधी जरा खाली आणि डावीकडे होता. आवाज बंद केला, तारीख बरोबर केली. वेगाची पट्टी चालूच ठेवली आहे, सदाशिवपेठींच्या भीतीने.

सह्याद्रीचा_पेंग्विन
उशिरा आलो. गाडी नाही, बाइक आहे. हेल्मेटवर कॅमेरा लावला तर काय?

अॅड_रेवा
केरळच्या मोटार वाहन विभागाने 2022 मध्ये हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांवर कारवाई जाहीर केली होती, 1000 रुपये दंड. आपटल्यावर वर चिकटवलेल्या कडक वस्तूमुळे कवच फुटतं आणि डोक्याला जास्त इजा होते, असं त्यामागचं कारण. आपल्याकडे वेगळा आदेश नसला तरी कारण पटण्यासारखं आहे. हँडलला किंवा टाकीच्या पुढे लावा.

सह्याद्रीचा_पेंग्विन
हँडलला लावला तर थरथरून काहीच दिसत नाही हो.

बर्डीवाला_बाप्पा
थरथर मारणारा रबरी माउंट येते, पाचशे-सातशेत. अन आधी तुमच्या बाइकचं इंजिन माउंट तपासा, तेच ढिलं असन.